फुग्यांचा पाळणा

जाफराबादला आमच्या गल्लीत कुणाच्या घरी वाढदिवस निघाला की बोलावणं मला यायचं. डीएड झालेलं, नोकरी नाही, लग्न ठरत नाही. मग हिने फुगे तरी फुगवावेत, असं लोकांना वाटत असावं. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. मोबाईलवर व्हिडिओ बघून मी शिकले होते. चार फुगे गाठीपाशी एकत्र बांधून झुपका करायचा, असे झुपके तंगुसाच्या दोऱ्यावर ओवत गेलं की कमान तयार. जुन्या बांगड्या, खोक्यांचे पुठ्ठे, मच्छरदाणीच्या काठ्या, मला काहीही चालायचं. एका पोराच्या वाढदिवसाला मी फुग्यांचा ट्रॅक्टर केला होता, ट्रॉलीसकट. त्यानंतर माझा भाव जरा वाढलाच होता.

वहिनीला दिवस गेले तेव्हा मी ठरवून टाकलं की बारशाला फुग्यांचा पाळणा करायचा. दादाच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि आधी दोनदा तिचं पोट पडलं होतं. वाटूरला तिच्या माहेरी आता आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच होणार होतं. आमच्या आईचा नियम कडक. मूल जन्मायच्या आधी त्याचं टोपडंसुद्धा घरात आणायचं नाही. मी म्हटलं, आणतेय कुठे? नुसता सराव करून बघते.

नववा महिना लागला होता. त्या दिवशी दादा वहिनीला घेऊन तपासणीसाठी जालन्याला गेला होता आणि आई कापूस वेचणाऱ्या बायांबरोबर शेतात. घर मला एकटीला सापडलं. मी बांबूची दुरडी घेतली, तिला बाहेरून पांढऱ्या फुग्यांचे झुपके बांधले, काठाला लांब गुलाबी फुग्यांची वेणी घातली आणि चार दोऱ्यांनी माजघरातल्या कडीला टांगली. अडीच तास लागले, नऊ फुगे फुटले. लाईट नव्हती, मी घामाने निथळत होते. पण पाळणा असा झाला होता की मी भिंतीला टेकून नुसती बघत बसले.

दोनच्या सुमाराला लाईट आली. पंख्याचं बटण चालूच राहिलं होतं. पंखा फिरायला लागला आणि पाळणा झुलायला लागला. फुगेच ते, वारा लागला की हलणार. नेमकी त्याच वेळी आई दारात उभी.

आमच्याकडे रिकामा पाळणा हलवत नाहीत. त्यात निजणाऱ्या जिवाला धोका होतो म्हणतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्या लेखी तो पाळणा नव्हताच, दुरडी होती.

"थांबव! आधी थांबव त्याला!" आई ओरडली.

"अगं, फुगे हायेत ते," मी हसत म्हणाले. आईच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी जाऊन पंखा बंद केला.

चार वाजता दादाचा फोन आला. बाळाचे ठोके लागत नव्हते.

आई खालीच बसली. मग वर न बघता म्हणाली, "काढ ते. आन् आवाज करू नको. शेजारी कळलं न्हाई पाहिजे."

फुगा आवाज न होता काढायचा तर त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावतात आणि त्या तुकड्यातूनच सुई टोचतात. मग तो फुटत नाही, हवा हळूहळू निघून जाते. लहान मुलं दचकू नयेत म्हणून मी हे शिकून ठेवलं होतं. साठेक फुगे असतील. मी एकेक टोचत बसले. सैल पडलेलं रबर बोटांना चिकटायचं. 

तिसऱ्या दिवशी वहिनी घरी आली. मुलगी होती. दादाने सगळं तिकडेच उरकलं होतं. भेटायला बाया यायला लागल्या आणि शेजारी कळू नये म्हणणारी आईच प्रत्येकीला सांगायला लागली, "दोन वाजता पाळणा हलला आन् चारला फोन आला." मला असल्या गोष्टींची चीड आहे. पहिल्या दिवशी मी आईशी कडाकडा भांडले. पण दादा मध्येच म्हणाला, डॉक्टरांनी हिला विचारलं होतं, बाळ शेवटचं कधी हललं? तर ही म्हणाली, आज सकाळपर्यंत हलत होतं.

सकाळपर्यंत हलत होतं. मग जे झालं ते दुपारीच झालं. मी त्यावर विश्वास ठेवत नव्हते आणि तरीही भाकरी थापताना मध्येच माझे हात थांबायचे.

वहिनी मला एक शब्द बोलली नाही. दोष दिला नाही, पण आईला "असं काही नसतं" असंही म्हणाली नाही. मला तिच्या तोंडून ते एक वाक्य हवं होतं. तिचं ताट नेऊन ठेवलं की मी उगाच रेंगाळायची.

तिचं दूध थांबत नव्हतं. छातीला घट्ट कापड बांधावं लागे. आठव्या दिवशी दुपारी मी तिच्या पाठीमागे बसून गाठ मारत होते, तेव्हा ती बोलली.

"ताई, कुणाला सांगू नका. त्या दिशी सकाळी हलत न्हवतं ते. दोन दिवसांपासून हलत न्हवतं."

"मंग बोलल्या का न्हाई?"

"या खेपेलाच आधी दोन बार मी घाबरले आन् ह्यांना जल्दी करायला लावली. दोन्ही बार जालन्याला जाऊन आलो, काहीच निघालं न्हाई. आई म्हणल्या, हिला जीपमधी फिरायची हौस. तुम्ही पोटाला हात लावून माझी नक्कल केल्ती. सगळे हसले. मंग म्हणलं, तपासणीची तारीख परवा हायच, थांबू."

नक्कल मी केली होती. चांगली जमली होती. दादासुद्धा हसला होता.

"आईला कळलं तर मला ठेवतील का या घरात?" ती म्हणाली.

मला तिचा भयंकर राग आला. आठ दिवस माझ्या नावाने बोटं मोडली जात होती आणि ही ऐकत पडली होती. आई बाहेर ओसरीवरच होती, एक हाक मारायचा अवकाश. मी हाक मारायला तोंड उघडलंही. हातातलं कापड दुधाने ओलं झालं होतं. मी गाठ सोडली, कोरडं कापड घेतलं आणि पुन्हा घट्ट बांधलं.

मी ओसरीवर आले. आई सुपात तूर निवडत होती.

"काय म्हणून राह्यली ती?"

"काही न्हाई," मी म्हणाले. "पाळण्याचंच."

"म्हणणारच," आई म्हणाली.