विहिरीत दिलेली परीक्षा

काल शेजारच्या बोअरमधून निघालेल्या ओल्या गाळाचा वास आला, आन् लई वर्षांमागची गोष्ट आठवली. तेव्हा लातूर नवा जिल्हा झाला होता, पण चाकूरकडच्या आमच्या विहिरीत पाणी न्हवतं. "काठ ढासळायलाय, उतरू नका," बायको म्हणली. मी कुणाचं ऐकतो व्हय? गाळ काढायला उतरलो. वर लेक इंग्रजी पाठ करत होती, शेवट सारखा असलेले शब्द: फाईट म्हंजी भांडण, लाईट म्हंजी उजेड. तेवढ्यात दरड कोसळली, मी कमरेपर्यंत गाडलो. धुळीनं वरचं आभाळ दिसंना. बायकोनं माणसं बोलावली. ती उतरंस्तवर मी शुद्धीत ऱ्हावं म्हणून लेक ओरडून विचारू लागली, मला ती दादाच म्हणायची, "दादा, नाईट?" "रात्र!" "राईट?" "बरोबर!" माती छातीला भिडली. "फ्राईट?" मला येईना. अडाणी ठरायचं न्हवतं, म्हणून गप बसलो. वर बायकोनं हंबरडा फोडला, "गेले वो!" एकजण म्हणला, "आता घाई कशाला, सावकाश उतरा." तेव्हा मात्र सगळा जीव एकवटून ओरडलो, "येत न्हाई!" लेक रडत म्हणली, "भीती, दादा, भीती!" माणसांनी मला वर काढलं. एवढं होऊनबी, त्यानंतर आजवर 'येत न्हाई' असं मी कुणालाच म्हणलो न्हाई.