लातूरच्या हॉलमधली फुगडी

त्या चार रविवारांचं मला अजूनही खरं वाटत नाही. सकाळी नांदेडला एसटीत बसायचं, अहमदपूरच्या आसपास डोळा लागायचा, आणि नीट जाग यायची ती लातूरच्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये, पायात मोजे घालून एक-दोन-तीन म्हणताना. मधलं काही आठवतच नाही. हॉलच्या खिडक्यांना हिरव्या काचा होत्या. दुपारचं ऊन त्यातून आत उतरलं की सगळ्या बायका विहिरीच्या तळाशी चालतायत असं वाटायचं.

हा सगळा उद्योग अक्कांचा. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, राहायला लातूरला. साखर वाढली, डॉक्टर म्हणाले रोज चाला, आणि अक्का काही चालेनात. शेवटी त्यांच्या लेकीनं त्यांचं नाव नाचाच्या वर्गात घातलं. लॅटिन नाच, अगदी नवशिक्यांसाठी, दर रविवारी एक प्रकार. अक्कांचा मला फोन आला, "मी एकटी जाणार न्हाई. तू यायलीस का?"

मी दोनदा विचारून घेतलं, मलाच ना? कारण बावीस वर्षांत अक्कांनी माझ्या हातात हात दिलेला नव्हता.

भोकरजवळ आमचं गाव. महालक्ष्म्यांचा दुसरा दिवस होता, दुपारची वेळ. आमच्याकडे थोरली-धाकटी दोघी महालक्ष्म्या बसतात, म्हणून त्यांच्या समोरच्या अंगणात थोरल्या-धाकट्या जावांनी फुगडी घालायची, असा घरचा रिवाज. त्याच सकाळी माझं पुरण सैल झालं होतं आणि अक्का भरल्या स्वयंपाकघरात म्हणाल्या होत्या, "आई न्हाई ना हिला, शिकवणार कोण?" माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वभाव माझा आधीच तिरसट. फुगडी ऐन रंगात आली, बायका ओरडायला लागल्या, आणि मी बोटं सोडली.

अक्का तुळशीवृंदावनापाशी जाऊन पडल्या. डावं मनगट मोडलं, बसलं तेही जरा वाकडंच. मी सगळ्यांना सांगितलं, घामानं हात निसटला. सासूबाईंना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, देवापुढंसुद्धा तेच सांगितलं. अक्का काहीच बोलल्या नाहीत. घरी गेले की आग्रह करून वाढायच्या, साडी नेसवायच्या, पण हात म्हणून द्यायच्या नाहीत. रिक्षातून उतरताना मी हात पुढं केला की त्या दांडी धरायच्या. मला ते लई लागायचं, आणि तक्रार तरी कोणत्या तोंडानं करणार?

तर असा तो वर्ग. तीन पुरुष, बाकी आम्ही बायका, म्हणून बायकांच्याच जोड्या. सर तिशीतले, हैदराबादला शिकून आलेले, भारी सोशिक. पहिल्या रविवारी मेरेंगे, म्हणजे वरातीत चालतो तसंच, फक्त कंबर जागी ठेवायची नाही. दुसऱ्या रविवारी बचाटा. तीन पावलं आणि चौथ्याला कमरेला झटका. तो देताना अर्धा वर्ग ओढणी तोंडाला लावायचा. तिसऱ्याला चा-चा-चा, त्यात तर माझे पाय एकमेकांना ओळख देईनात. पण गाणं सुरू झालं की असं काही तरंगायला व्हायचं, की आपण पन्नाशीच्या, गुडघे दुखणाऱ्या, उद्या सोमवार असलेल्या बाई आहोत हे मी पार विसरायचे.

सरांची माझ्याबद्दल एकच तक्रार. "मॅडम, हात इतका घट्ट नका धरू. बोटं नुसती अडकवा." पहिल्या रविवारी माझ्या जोडीला आलेल्या एका बँकवाल्या बाईंनी तर बांगड्या रुतल्याचे वळ दाखवले. काय करू? कुणाचाही हात हातात आला की माझी मूठ आपोआप आवळायची. त्यानंतर अक्का त्याच बँकवाल्या बाईंबरोबर नाचायच्या, माझ्याकडं पाठ करून.

चौथ्या रविवारी सालसा होता आणि बँकवाल्या बाई आल्या नाहीत. अक्का हॉलच्या मध्ये एकट्या उभ्या. मी समोर जाऊन उभी राहिले. त्या काही सरकल्या नाहीत.

सर म्हणाले, "आता हात क्रॉस करून एकमेकींचे धरा." बस्स! पुढचं त्यांना सांगताच आलं नाही. आडवेतिडवे हात धरल्याबरोबर सगळ्या बायकांचे अंगठे अंगठ्यांना भिडले, अंगं मागं रेलली आणि अख्खा हॉल फुगडी घालायला लागला. "मॅडम! मॅडम, हे नाही!" कोण ऐकतंय? हिरवं ऊन, पंखे, खिडक्या, सगळं भोवती फिरत होतं. आणि अक्का माझ्यासमोर मागं रेलल्या होत्या, सगळा भार माझ्यावर टाकून, डोळे मिटून.

मला रडूच फुटलं. गिरकी मंदावली, तशी मी म्हटलं, "अक्का, तवा हात निसटला न्हवता."

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"पडता पडताच." त्यांना धाप लागली होती. "निसटला असता तर धरायला आली असतीस. तुझी बोटं पार उघडी होती गं."

"मग कुणाला सांगितलं कसं न्हाई?"

"काय सांगू? माझं तोंड आधी सुटलं होतं, ते बी सांगावं लागलं असतं. आईवरून बोलले मी तुला. भ्या वाटायचं तुझं, म्हणून हात देत न्हवते. दुसरं काई न्हाई."

तेवढ्यात सरांनी हसू आवरून पुन्हा गाणं लावलं. एक-दोन-तीन, चार गप्प. पाच-सहा-सात, आठ गप्प. अक्कांनी तो वाकडा डावा हात पुढं केला. मी तो असा धरला, की त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं.

"अगं, ढिला धर की," अक्का म्हणाल्या. "आज न्हाई सोडायची तू."