गुरुनाथ मोहरीरांचं खिशातलं पिस्तूल

गुरुनाथ मोहरीर कुकरची शिट्टी झाली तरी दचकत. बाथरूममध्ये कोळी दिसला की दार लावून घेऊन रत्नाला हाक मारत. अशा माणसानं वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पिस्तूल घ्यायचं ठरवलं, तेव्हा रत्ना पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही. नवऱ्यानं काही ठरवलं म्हणून लाटणं थांबवायचं असतं, तर त्या घरात आजवर एक पोळी तव्यावर पडली नसती.

"श्रीरामकडे आहे," गुरुनाथराव म्हणाले. "आज मॉलमध्ये चालताना खिशातून काढून दाखवलं. एवढुसं. मला तर कळलंही नव्हतं."

"मग आजवर कळलं नाही म्हणून काय अडलं?"

"तू ना, मुद्दाच समजून घेत नाहीस."

श्रीराम हा त्यांचा रोज सकाळी मॉलमध्ये चालायचा सोबती; त्याच्याकडे जे असे ते गुरुनाथरावांना लागे, हा काही नवा आजार नव्हता. श्रीरामनं दुर्बीण घेतली तेव्हा यांनीही घेतली. तिच्यातून त्यांनी दोनदा चंद्र पाहिला आणि एकदा शेजाऱ्याचं गॅरेज. मग ती पलंगाखाली गेली. पण दुर्बिणीनं कुणी मरत नाही, म्हणून रत्ना तेव्हा गप्प बसली होती.

नागपूरहून इंजिनियर होऊन गुरुनाथराव टेक्ससला आले ते एका टेलिफोनच्या कंपनीत. सगळी नोकरी त्यांनी टेस्टिंगमध्ये काढली. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंतल्या चुका काढणं हे काम त्यांना मानवलं, कारण स्वतः काही बनवायची जोखीम त्यात नव्हती. कंपनीनं माणसं काढली तेव्हा हे वाचले. मीटिंगमध्ये ते कधी तोंडच उघडत नसत, त्यामुळे ते तिथे आहेत हे काढणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं, असा रत्नाचा अंदाज होता. तिथल्या प्लेनो गावात मोठं घर झालं, पुढे हिरवळ झाली, मुलगी शिकून लग्न करून पंधरा मिनिटांवर राहायला आली. ज्या गल्लीत गेल्या दहा वर्षांत सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे कुणाचा तरी कुत्रा यांच्या हिरवळीवर बसून गेला, त्या गल्लीत आता यांना संरक्षण हवं होतं.

एरवी रत्नानं हेही चालवून घेतलं असतं. पण या वेळी तिचं स्वतःचं काहीतरी पणाला लागलं होतं. इलाला मुलगी झाली होती. बारसं झालं की सोमवारपासून इला कामावर जाणार आणि बाळ दिवसभर रत्नाकडे राहणार, असं ठरलं होतं. रत्नानं त्यासाठी लायब्ररीतली नोकरी सोडली होती. वरच्या खोलीत पाळणा लावला होता. आयुष्यात पहिल्यांदाच सकाळी उठून वाट पाहावी असं काहीतरी समोर आलं होतं. आणि गेल्याच आठवड्यात इला फोनवर म्हणाली होती, "आई, डॉक्टर विचारत होती, बाळ जिथे राहणार तिथे गन आहे का. मी नाही म्हटलं. बट जस्ट सो यू नो, असती ना तर मी तिला तिथे ठेवलं नसतं. इव्हन तुझ्याकडे पण नाही."

रत्नानं हे नवऱ्याला सांगितलं. वाटलं होतं, नातीच्या नावानं तरी खूळ उतरेल. गुरुनाथरावांनी डोळे मिटून विचार केला आणि ते म्हणाले, "म्हणूनच लहान घ्यायचं. इतकं लहान की इलालाही कळणार नाही."

दुकानात ते रत्नाला घेऊन गेले. काउंटरमागे पांढऱ्या केसांची वेणी घातलेली एक टेक्सन बाई होती. वयानं रत्नाहून मोठी, आवाज गोड. कुठे बाळगणार, तिनं विचारलं. पुढच्या खिशात, गुरुनाथराव म्हणाले, आणि कुणाला दिसता कामा नये. शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या दबक्या आवाजात म्हटलं की बाईनं ते त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

पहिलं पिस्तूल खिशात घातल्याबरोबर त्यांची पँट एका बाजूनं खाली आली. दुसरं रिव्हॉल्व्हर होतं, पाच गोळ्यांचं. त्याचं मधलं गोल चक्र असं फुगत होतं की खिशात कुणी मोसंबं ठेवलंय असं वाटे. तिसरं चपटं, तळहाताएवढं. ते त्यांना भलतंच आवडलं. बाईनं सांगितलं, वरचा भाग मागे ओढून दाखवा. गुरुनाथरावांनी ओढला. तो हलला नाही. पुन्हा ओढला. कपाळावरची शीर फुगली, चष्मा नाकावर आला, बोट सटकलं. बाईनं ते घेतलं, कोथिंबिरीची जुडी सोडवावी तसा वरचा भाग सहज मागे ओढला आणि ती म्हणाली, पिस्तूल जितकं लहान तितकी त्याची स्प्रिंग कडक असते, सर. आणि हाताला झटकाही जास्त बसतो. लोकांना उलटं वाटतं.

मग तिनं हलक्या स्प्रिंगचं एक काढलं. मागच्या रेंजवर नेऊन ते चालवूनही पाहायला दिलं. गुरुनाथरावांनी दोन्ही डोळे घट्ट मिटून गोळी झाडली. समोरचा कागद कोरा राहिला. गोळी कुठे गेली ते त्या बाईलाही सांगता येईना.

"कसं वाटलं?" बाहेर आल्यावर त्यांनी रत्नाला विचारलं.

"कागद वाचला," रत्ना म्हणाली.

खिशासाठी चामड्याचं म्यान आलं. त्यात घोडा झाकलेला राहतो. त्या खिशात दुसरं काहीही ठेवायचं नाही, बाईनं बजावलं, आणि त्यांच्या खिशातून किल्ल्या, टिश्यू आणि बडीशेपेची पुडी काढून रत्नाच्या हातात दिली. मग खरी परीक्षा सुरू झाली. इथे मात्र गुरुनाथरावांचा जन्मभराचा धंदा कामी आला. ते खुर्चीत बसले, उठले. बूट बांधायला वाकले. दुकानाबाहेर गाडीत बसून पट्टा लावला, काढला. भिंतीला टेकून उभे राहिले. बाजूनं, समोरून, मागून रत्नाला फोटो काढायला लावले. कुठेही फुगवटा नाही, कुठेही काही घसरत नाही. "टेस्ट पास," ते म्हणाले. रिटायर झाल्यापासून त्यांच्या तोंडावर असं तेज रत्नानं पाहिलं नव्हतं.

पिस्तूल कुणाला दिसलं नाही, हे खरं. पण कुणालाच माहीत नसलेल्या शौर्यात गुरुनाथरावांना काय गोडी वाटणार? ते श्रीरामला सांगणं भाग होतं. मग मॉलमध्ये चालणाऱ्या बाकीच्या काकांना. मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये ते बोलता बोलता खिशावरून हात फिरवू लागले. पूर्वी कुठल्याही मीटिंगमध्ये तोंड न उघडणारा माणूस आता पार्किंगच्या विषयावर मत देऊ लागला. पुढच्याच आठवड्यात इंडियन ग्रोसरीत मेथी निवडताना एक बाई रत्नाला हसून म्हणाली, "मोहरीर काकू, तुम्हाला आता कशाची भीती नाही बाई!"

रत्ना घरी येऊन म्हणाली, "अहो, सगळ्या प्लेनोला ठाऊक आहे."

"इलाला नाही ना? मग झालं."

झालं, असं रत्नानंही स्वतःला समजावलं. सोमवार जवळ आला होता. इलाला सांगावं असं रोज वाटे, आणि रोज वरच्या खोलीतला पाळणा पाहून ती गप्प बसे. त्या गप्प बसण्यात ती नवऱ्याच्याच पंक्तीला जाऊन बसली होती. हे तिला कळत नव्हतं असं नाही.

बारसं इलाच्या घरी शनिवारी होतं. निघताना रत्नानं सांगितलं, "आज तरी ते घरी ठेवा."

"रोज जवळ ठेवलं तरच उपयोग," गुरुनाथराव म्हणाले. "संकट काय अपॉइंटमेंट घेऊन येतं?"

त्या दिवशी त्यांनी रेशमी झब्बा घातला होता. पायजम्याला खिसा नव्हता, म्हणून म्यानासकट पिस्तूल झब्ब्याच्या बाजूच्या खिशात गेलं. आरशासमोर ते उभे राहिले, खुर्चीत बसले, उठले. ठीक होतं.

इलाच्या हॉलमधलं फर्निचर बाजूला करून खाली चादरी घातल्या होत्या. पाळण्याला फुलं लावली होती. जावयाचे, अक्षतचे, वडील त्र्यंबकराव पुण्याहून खास आले होते. अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाच्या बॉथेलहून आत्या आली होती, अक्षतची बहीण शिवांगी. ती तिथेच जन्मलेली आणि वाढलेली; त्र्यंबकराव रिटायर झाल्यावर पुण्याला परतले होते. तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीवर हलक्या चापट्या मारल्या आणि आन्या हे नाव सगळ्यांनी टाळ्या वाजवून ऐकलं. मग फोटो. "बाबा, तू खाली बस ना, तिला मांडीवर घे," इला म्हणाली.

गुरुनाथराव भिंतीशी चादरीवर बसले. मांडी घातली. टेक्ससच्या त्या दुकानात खुर्ची होती, गाडी होती, भिंत होती. मांडी घालून बसणारं गिऱ्हाईक त्या बाईनं जन्मात पाहिलं नसेल, आणि गुरुनाथरावांनी पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या तरी आपण कसे बसतो हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. गुडघा वर आला, झब्बा कमरेशी ताणला गेला, खिशाचं तोंड उघडं पडलं. आन्या मांडीवर आली. अक्षतनं फोन समोर धरला. आणि चामड्याचं ते काळं म्यान झब्ब्यातून अलगद घसरून बाळाच्या इवल्याशा पायांपाशी येऊन पडलं.

रत्नाला ते दिसलं. 

"अहो मोहरीर, तुमचा चष्मा पडला," म्हणत त्र्यंबकरावांनी अदबीनं वाकून ते उचललं. "चांगलंच जड आहे हो घर तुमच्या चष्म्याचं." त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. म्यानातून मूठ बाहेर आलेली होती.

"पप्पा, डोन्ट मूव्ह," शिवांगी म्हणाली. "खाली ठेवा. हळू. दॅट्स अ गन."

 इलानं कुणाकडेही न पाहता बापाच्या मांडीवरून मूल उचललं आणि छातीशी धरलं. अक्षतनं ते म्यान उचलून गॅरेजमध्ये नेलं आणि गाडीत कुलूपबंद केलं. गुरुनाथराव मांडी घालून तसेच बसले होते, रिकाम्या मांडीवर हात ठेवून. काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणाले, "त्यात घोडा झाकलेला असतो. सेफ असतं."

इला आईकडे वळली. "आई, तुला माहीत होतं?"

रत्नाला खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली.

"ओके," इला म्हणाली. "सोमवारी ती डेकेअरला जाईल."

जेवणं झाली, कारण पुरणपोळ्या झालेल्या होत्या. सगळे आपापल्या ताटात पाहून जेवले. त्र्यंबकराव मात्र पुण्याला जाऊन सांगण्यासारखं काहीतरी मिळाल्यासारखे अधूनमधून व्याह्याकडे पाहत होते.

परतताना अक्षतनं गुरुनाथरावांना पिस्तूल परत दिलं, गोळ्या वेगळ्या करून. गाडीत गुरुनाथराव म्हणाले, "झब्ब्याचा दोष आहे. पायाला बांधायचंही मिळतं एक. श्रीरामला विचारतो."

रत्नानं त्यांच्याकडे पाहिलं. सबंध लग्नात तिनं त्यांचा कंटाळा केला होता, कीव केली होती, कधी थोडी मायाही केली होती. आत्ता तिला त्यांच्याजवळ बसल्याचीच शिसारी आली, जशी स्वयंपाकघरातल्या ओल्या फडक्याची येते.

घरी पोचल्यावर तिनं बाहेरच्या खोलीतून, त्यांना ऐकू येईल अशी, इलाला फोन केला. "तुझ्याकडे येऊन सांभाळीन तिला. तुझ्या घरी. तिथे काही नाही ना?"

"नाही," इला म्हणाली. "पण आई, तू मला सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं. चुकलं. डेकेअरला घातलंस तरी चालेल, तुझा हक्क आहे. पण मला येऊ देणार असशील तर मी तिथेच राहीन, शुक्रवारपर्यंत."

"आणि बाबा? एकटे?"

"त्यांच्याजवळ सोबत आहे," रत्ना म्हणाली.

इलाला हसू आलं की रडू, ते फोनवर कळलं नाही. "ये," ती म्हणाली. "पण बाबा आला तर खिसे रिकामे करून आत यायचं. आय मीन इट."

सोमवारी सकाळी गुरुनाथरावांनी रत्नाला सोडायला गाडी काढली. वाटेत रत्नानं अट सांगितली. इलाच्या दारात गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "स्वतःच्या मुलीच्या घरी बापानं झडती द्यायची? हा माझा अधिकार आहे. या देशानं दिलेला."

"मग बसा गाडीत अधिकार घेऊन," रत्ना म्हणाली आणि बॅग उतरवून आत गेली.

त्यांना वाटलं होतं, कुणीतरी बाहेर येऊन समजूत घालेल. इला ऑफिसला निघाली, जाताना काचेतून "बाय, बाबा" एवढंच म्हणाली. आत आन्या रडू लागली होती. रत्नानं तिला खांद्यावर घेतलं, दुधाची बाटली कोमट केली. खिडकीतून गाडी दिसत होती. इंजिन चालू, एसी चालू, आत गुरुनाथराव ताठ बसलेले, एक हात मांडीवरच्या खिशावर.

थोड्या वेळानं त्यांचा फोन आला. "जेवायला काय करू मी?"

"फ्रिजमध्ये पोळ्या आहेत," रत्ना म्हणाली, आणि बाळाच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून पडदा ओढून घेतला.