आईच्या पायांवरच्या निळ्या नसा

माझा स्वभाव संशयी आहे. भाजीवालीनं कोथिंबीर फुकट दिली तरी मी जुडी सोडून आतली काडी न काडी बघते. त्यामुळे आष्टीहून आई अचानक माझ्याकडे जालन्याला आली आणि दुसऱ्याच दिवशी चहा पिता पिता म्हणाली, "इथं सुई मारून पायाच्या नसा घालवून देतात म्हणं. मला घेऊन चल," तेव्हा माझा कप तिथंच थांबला.

सत्तरी ओलांडलेली बाई. नऊवारी घोट्यापर्यंत. तिचे पाय मीसुद्धा वर्षानुवर्षं पाहिले नव्हते. आता तिनं लुगडं वर करून दाखवले. पोटरीवर आणि गुडघ्यामागं जांभळ्या-निळ्या बारीक नसांचं जाळं पसरलं होतं. जसं शाई सांडून ओघळावी तसं.

"दुखतात का?"

"बिलकुल न्हाई."

"मग कशाला?"

"असंच."

माझ्या आईनं आयुष्यात काहीही असंच केलेलं नाही. आधी वाटलं, गावात कुणा दवाखान्याचा माणूस फिरून म्हाताऱ्या बायांना गळाला लावतो आहे. मग वाटलं, काहीतरी मोठं दुखणं आहे आणि ही ते माझ्यापासून लपवते आहे. ती देवळात गेल्यावर मी तिची पिशवी उपसली. मिश्रीची डबी, फणी, दोन लुगडी. एक चिठ्ठी नाही की गोळीचं पाकीट नाही. संशय गेला नाहीच, उलट वाढला.

दवाखान्यात डॉक्टर बाई होती, तरुण आणि जरा जास्तच गोड बोलणारी. मला ते गोड बोलणंही खटकलं. तिनं सोनोग्राफीच्या मशीननं आतल्या नसा तपासल्या आणि म्हणाली, "आजी, मोठ्या नसा चांगल्या आहेत. या वरच्या बारीक नसांनी काही धोका नाही. इंजेक्शन दिलं तर ते फक्त दिसण्यासाठी. नाही दिलं तरी चालेल."

दुकानदारच माल घेऊ नका म्हणतो म्हटल्यावर मी आणखीच सावध झाले. "हे पसरत नाही ना? कुणाला लागत नाही ना?" मी विचारलं. डॉक्टर हसली, नाही म्हणाली. आईनं मात्र माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प झाले.

"हिला भाईर बसवा," ती डॉक्टरला म्हणाली.

मी बाहेर गेले, म्हणजे पडद्याच्या पलीकडे उभी राहिले.

"आमच्या गल्लीत बाई मेली की आंघोळ घालायला मला बोलवतात," आई हळू आवाजात सांगत होती. "मागं एक म्हातारी गेल्ती. तिच्या पायावर अशाच नसा व्हत्या. बाया म्हणल्या, काय बिमारी हाय कुणास ठावं. कोणी हात लावंना. लांबूनच तांबे वतले. मी एकलीनं घासलं तिला. लई वाईट वाटलं बघा. माझ्या बारीला तर मीच आडवी असंल. मंग मला घासंल कोण?"

मी पडदा मुठीत धरून उभी होते. थोड्या वेळापूर्वी 'कुणाला लागत नाही ना' असं विचारणारी मीच होते, आणि मला स्वतःची शिसारी आली.

केसासारख्या बारीक सुईनं डॉक्टरनं नसांमध्ये औषध सोडलं. आईनं हूं की चूं केलं नाही. वर घट्ट लांब मोजे चढवले आणि तिला लगेच चालायला लावलं. लुगड्याखाली मोजे घालून ती माझ्या गॅलरीत येरझारा घालायची आणि शेजारीण विचारायला लागली की पाय गारठतात म्हणायची.

मोजे उतरवून आंघोळ करायची परवानगी मिळाली तेव्हा तिला वाकवेना. मी तिला न्हाणीत पाटावर बसवलं आणि मोजे खाली ओढले. काही नसा पुसट झाल्या होत्या, पण टोचलेल्या जागी काळेनिळे डाग उठले होते. पाय आधीपेक्षा वाईट दिसत होते.

"गेल्या का?" तिनं विचारलं.

"काही गेल्यात. डाग जायला वेळ लागेल म्हणाली डॉक्टर. पुन्हा नवीन येऊही शकतात."

मी तांब्या बाजूला ठेवला, तिचा पाय माझ्या मांडीवर घेतला आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तळहातानं हळूहळू साबण लावला. माझी साडी भिजली. असं मी तिला कधी न्हाऊ घातलं नव्हतं. ती कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली. संशय तिच्याकडूनच माझ्यात आला असावा.

"पडद्यामागून ऐकलंस न?"

"ऐकलं."

मला वाटलं, रागावेल. तिनं लुगडं आणखी वर घेतलं आणि दुसरा पाय पुढं केला.

"मंग हा बी घास."