कपावरचा लाल ठिपका

कप विसळताना त्याच्या कानापाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका बोटाला लागला आणि हसू आलं. मला टीबी झाला तेव्हा माझा कप वेगळा ओळखू यावा म्हणून सासूबाईंनी तो लावला होता. गोळ्या द्यायला येणाऱ्या आशाताईंनी पाहिलं. "अहो आजी, टीबी कपातून नाही पसरत, खोकल्यातून पसरतो. हिची गोळी तेवढी चुकू देऊ नका."

सासूबाई दुपारभर कप घासत बसल्या, पण ठिपका निघेना. चुकलं म्हणणं त्यांच्या स्वभावातच नाही. काही माणसांची माया अशी आडवाटेनं येते. संध्याकाळी चहाला बसलो, तर घरातल्या सहाही कपांवर लाल ठिपका!

आज हातात आलेला कप माझा होता की त्यांचा, कोण जाणे.