खऱ्या कारणाची रजा

दुसरी नोकरी शोधायची तर पहिल्या नोकरीत खोटं बोलावंच लागतं, हे सलिलला कुणी शिकवलं नव्हतं. ते त्याला आपोआपच येत होतं. मार्केट यार्डात तात्यारावांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात तो बुकिंग बघायचा, आणि मुलाखतीचं बोलावणं आलं की कर्वेनगरच्या त्याच्या घरात कुणीतरी आजारी पडायचं. आईचे गुडघे, वडिलांचा मोतीबिंदू, मावशीचं वर्षश्राद्ध, झालंच तर स्वतःचं रूट कॅनाल. रूट कॅनालवर त्याचा विशेष लोभ होता, कारण ते एका बैठकीत संपत नाही. इस्त्रीचा शर्ट स्कूटरच्या डिकीत घडी करून ठेवलेला असायचा. स्वारगेटजवळच्या एका हॉटेलात हात धुवायच्या जागेमागे तो शर्ट बदलायचा, मुलाखत द्यायचा, पुन्हा शर्ट बदलायचा आणि गाल धरून ऑफिसात शिरायचा. एवढी तयारी त्यानं मुलाखतीची केली असती, तर एखादी नोकरी मिळालीही असती.

त्याच्या शेजारच्या टेबलावर आम्रपाली ओव्हाळ बसायच्या. चाळिशी ओलांडलेली, केस घट्ट बांधलेले, बोलणं कामापुरतं. कुठली गाडी कुठे आहे, कधी पोचेल, हे सगळं त्यांच्याकडे. सलिल त्यांना ताई म्हणायचा, आणि एका सकाळपर्यंत त्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलेलंही नव्हतं. ऑफिसात शेजारी बसणारं माणूस आपण बघतो कुठे?

त्या सकाळी चहा आला होता. बजरंग ड्रायव्हर बिल्टीसाठी, म्हणजे मालाच्या पावतीसाठी, दारात उभा होता. आम्रपालीताई उठल्या आणि तात्यारावांच्या टेबलापाशी गेल्या.

"तात्या, गुरुवारी मला अर्धा दिवस रजा पाहिजे."

"का हो? बरं नाही का?"

"बरी आहे. मुलाखत आहे. दुसऱ्या नोकरीची."

सलिलला चहा पोळला. बजरंग पायातली चप्पल बघू लागला. तात्यारावांनी कप खाली ठेवला.

"मग अर्धा दिवस कशाला? आयुष्यभराचीच घ्या की."

"अर्ध्या दिवसात होईल. तीनपर्यंत येते."

आजारपणावर तात्यारावांकडे उत्तरं तयार असायची. वर्षश्राद्धावरही होतं: "तुझी मावशी वर्षातून दोनदा कशी रे जाते?" पण खऱ्या कारणावर त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. त्यांनी कप पुन्हा उचलला आणि ते "बरं" म्हणाले. ताई जागेवर येऊन बसल्या, आणि त्यांनी फोन उचलला.

सलिलला खरा धक्का बसला तो शुक्रवारी. तात्यारावांनी सगळ्यांच्या देखत, मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "काय बाई, झालं का सिलेक्शन?" आणि ताई म्हणाल्या, "नाही झालं." बस्स, एवढंच. खाली बघणं नाही, सारवासारव नाही, 'तसं मलाच पटलं नाही' वगैरे नाही. सलिलला सहा ठिकाणी नकार मिळाले होते आणि ते जगात कुणालाही, सख्ख्या आईलासुद्धा माहीत नव्हते. ते सगळे त्यानं एकट्यानं गिळले होते. ही बाई मात्र सगळ्यांच्या समोर 'नाही झालं' म्हणून पुढच्या फोनला लागली होती. त्या दिवसापासून तो तिच्याकडे बघायला लागला, आणि जसजसा बघत गेला तसतसा थक्क होत गेला.

ट्रान्सपोर्टच्या धंद्यात एक वाक्य सगळ्यांना तोंडपाठ असतं. "गाडी निघालीय." ड्रायव्हर अजून अंघोळ करत असतो, पण फोनवर गाडी खंबाटकी घाट उतरलेली असते. व्यापाऱ्यालाही ते ठाऊक असतं, आणि ठाऊक असून तो दर वेळी विचारतो. आम्रपालीताई सांगायच्या, "निघाली नाही. टायर बदलायचं चाललंय. निघाली की मी फोन करते." नव्या होत्या तेव्हा व्यापाऱ्यांनी त्यांना नको नको ते ऐकवलं होतं म्हणे. आता ते सलिलनं फोन उचलला की म्हणायचे, "तू राहू दे रे, बाईंना दे." बाईंनी निघाली म्हटलं की गाळ्यावर हमाल बोलावून ठेवायचे.

एकदा डबा खाताना त्यानं विचारलंच. "ताई, साधं बरं नाही म्हणून सांगितलंत तर काय बिघडतं? जगच सांगतं."

ताई हसल्या. "दर रविवारी विहारात आम्ही पंचशील म्हणतो. हत्या नको, चोरी नको, व्यभिचार नको, दारू नको. आता मला सांग, यातलं मला अवघड काय आहे? डासांचं सोडलं तर काहीच नाही. पाचातलं एकच कष्टाचं आहे, खोटं बोलायचं नाही ते. जे कष्टाचं तेवढंच सोडून द्यायचं, तर बाकीची चार म्हणायची तरी कशाला?"

सलिलनं भाजीत बोट बुडवून ते उगाच चाटलं.

त्यानंतरही ताई मुलाखतींना गेल्या. दर वेळी तात्यारावांना सांगून, दर वेळी अर्धा दिवस, आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी "नाही झालं." तात्याराव टोमणे मारून थकले. मग एके दिवशी ताई म्हणाल्या, "सोमवारी नदीपलीकडच्या इस्पितळात मुलाखत आहे. अँब्युलन्सच्या कंट्रोल रूमची जागा आहे." हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला.

"ताई, ही खूपच हवीय ना?" सलिलनं नंतर हळूच विचारलं.

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "माझे वडील इथंच यार्डात हमाल होते. धोंडिबा ओव्हाळ. छातीत दुखायला लागलं तेव्हा आम्ही अँब्युलन्सला फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, निघालीय, पोचतेच आहे. शेजाऱ्यानं रिक्षा आणली होती. गाडी निघालीय म्हटल्यावर आम्ही ती परत पाठवली. निघाली नव्हती रे. नाही म्हणाला असता तर आम्ही रिक्षानं गेलो असतो. बाकी कुठली नोकरी नाही मिळाली तर नाही मिळाली. पण त्या फोनवर मला बसायचंय."

रोज आपण फोनवर जे वाक्य सहज फेकतो, त्याच वाक्यानं हिच्या घरातलं माणूस गेलं, आणि ही इतकी वर्षं आपल्या शेजारी बसून ते मुकाट ऐकते आहे, हे सलिलच्या मनातून जाईना.

सोमवार उजाडला. ताई मुलाखतीला गेल्या, तात्याराव बँकेत गेले, ऑफिसात सलिल एकटाच. लँडलाइन वाजली.

"आम्रपाली ओव्हाळ तुमच्याकडेच काम करतात ना? आहेत का?"

आता इथे सलिलला फार दोष देता येत नाही. आपल्याकडे ऑफिसातलं माणूस रजेवर असताना त्याच्याबद्दल कुणी चौकशी केली, की त्याला सांभाळून घ्यायचं असतं. हा शेजारधर्म आहे. सलिलनं इतरांना सांभाळलं होतं, इतरांनी सलिलला. विचार करायच्या आतच त्याची जीभ चालली.

"आज रजेवर आहेत. ताप आलाय त्यांना."

"असं? फार आहे का?"

"फार म्हणजे, डेंग्यूची टेस्ट करायला गेल्यात." एकदा सांभाळायचं म्हटल्यावर नीट सांभाळावं, असा त्याचा स्वभाव.

पलीकडच्या बाईचा आवाज थंड झाला. "मी इस्पितळातून डॉक्टर उल्का गद्रे बोलतेय. ओव्हाळबाई माझ्यासमोर बसल्यात. मालकांना मुलाखतीचं सांगून आलेय, हवं तर विचारा, असं म्हणून त्यांनीच हा नंबर दिला. फोन स्पीकरवर आहे." आणि फोन बंद झाला.

सलिल रिसीव्हर धरून तसाच उभा राहिला. ताईंचा मोबाइल बंद. इस्पितळाचा नंबर शोधून फिरवला, तर यासाठी एक दाबा आणि त्यासाठी दोन दाबा. जी बाई वाट्टेल ते ऐकून घेऊनही कधी खोटं बोलली नाही, तिला आपण तिच्याच समोर, स्पीकरवर खोटं पाडलं होतं. आणि तेही याच नोकरीसाठी.

तात्याराव दारातून आत आले.

"तात्या, मला आत्ताच्या आत्ता रजा पाहिजे."

"आता कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. मी खोटं बोललो." आणि त्यानं सगळं एका दमात सांगितलं.

तात्याराव खुर्चीत बसले, चष्मा काढला, पुसला. "म्हणजे बाई आता इथेच राहणार."

"हो."

"मग तुझा जीव कशाला खालीवर होतोय? फायदा माझा आहे."

हे खरंच होतं. सलिल गप्प बसून राहिला असता, तर ऑफिसात कुणाचंच अडणार नव्हतं. तो म्हणाला, "तात्या, माझं रूट कॅनाल कधी झालंच नाही. मीसुद्धा मुलाखतींनाच जात होतो."

"ठाऊक आहे. तू जेवढी रूट कॅनालं केलीस तेवढे दात तुझ्या तोंडात नाहीत." तात्यारावांनी गाड्यांची यादी स्वतःकडे ओढली आणि चष्मा चढवला. "जा. गाड्या मी काढतो. बघतोस काय माझ्याकडे?"

स्वारगेटच्या चौकात सलिलनं किती जणांच्या शिव्या खाल्ल्या, ते त्याचं त्यालाच माहीत. इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर तो धापा टाकत पोचला, तेव्हा ताई बाहेर बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"कशाचं?"

"डेंग्यूचं."

सलिलला रडू फुटायचंच बाकी होतं. "ताई, मी आत जाऊन सांगतो त्यांना."

"त्यासाठीच बसलेय. बाकीच्यांच्या मुलाखती होईपर्यंत थांबू द्या म्हटलं. त्यांना सांगितलंय, हा मला वाचवायला खोटं बोलला, तो स्वतः येऊन सांगेल. जा."

आत टेबलामागे डॉक्टर गद्रे होत्या. सलिलनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"मघाशी तुम्ही म्हणालात ताप. आता म्हणताय मुलाखत. यातलं खोटं कुठलं, हे मी कसं ओळखायचं? इथे फोनवर बसणाऱ्या माणसाच्या एका शब्दावर लोक रुग्णाला घरात थांबवून ठेवतात."

"माझ्यावर विश्वास ठेवूच नका, मॅडम. मालकांना विचारा. आणि मला काही बोलू देऊ नका."

त्यांनी ताईंना आत बोलावलं आणि नंबर फिरवला. स्पीकरवर यार्डातला गोंगाट ऐकू आला.

"तात्याराव बोलतोय."

"आम्रपाली ओव्हाळ आज कुठे आहेत?"

"तुमच्याकडे, मुलाखतीला. मला सांगून गेल्यात. दर वेळी सांगूनच जातात, डोक्याला ताप आहे नुसता."

"कामाला कशा आहेत?"

गोंगाट चालू राहिला. मग त्यांचा आवाज आला तो सलिलनं आजवर कधी ऐकलेला नव्हता. "घेऊ नका हो त्यांना. त्या गेल्या तर माझ्या ऑफिसात जिच्या शब्दावर गाडी सोडावी अशी कुणी राहत नाही." आणि नेहमीसारखा त्यांनी फोन आदळला.

आम्रपालीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. डॉक्टर गद्र्यांनी कागद पुढे ओढला.

"पंधरा तारखेपासून याल?"

"नाही जमणार," ताई म्हणाल्या. "तात्यांना महिनाभर आधी सांगायला पाहिजे."

नको रे बाबा, असं सलिलच्या मनात आलं. आता मिळालेली घालवते ही! डॉक्टर गद्रे हसल्या आणि त्यांनी कागदावर पुढच्या महिन्याची तारीख घातली.

खाली पार्किंगमध्ये ताई स्कूटरवर मागे बसल्या. एवढ्या मोठ्या माणसाच्या शेजारी आपण रोज डबा खातो, हे सलिलला कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण एक गोष्ट त्याला आतून टोचत होती.

"ताई, तुमचा फोन तर बंद होता. मी येणार हे तुम्हाला कसं कळलं?"

"नव्हतं कळलं."

"मग तो येईल म्हणून सांगितलंत ते?"

"खात्री नसताना बोलले. आयुष्यात पहिल्यांदा. बाकावर बसून सारखं तेच डोक्यात येत होतं, हा निघाला असेल का नसेल."

सलिलनं किल्ली फिरवायच्या आधी ऑफिसात फोन लावला आणि म्हणाला, "तात्या, आम्ही अजून इस्पितळातच आहोत. निघालो की सांगतो."