अकरा वेळा पुसलेली लादी

पडद्यावर आई आली आणि तिला चेहराच नव्हता. मानेवर पिठाच्या गोळ्यासारखं काहीतरी धुरकट हलत होतं. लादी मात्र लख्ख. फडकंही लख्ख.

आई माझ्या कानाशी कुजबुजली, "माझं तोंड कोनी पुसलं गं?"

बोळिंजच्या त्या सोसायटीत आई सात घरची लादी-भांडी करायची. क्लबहाऊसमध्ये मुलांना फिल्म बनवून मानवी हक्क शिकवायचं शिबिर होतं. मला सोळावं. वस्तीतली एक मुलगी हवी म्हणून मलाही घेतलं, हातात माईकचा दांडा दिला. विषय ठरला घरकामगारांचा सन्मान. त्या सन्मानापायी आईने तीच स्वच्छ लादी अकरा वेळा पुसली.

"मावशी, अजून थोडं थकल्यासारखं करा ना."

अकराव्या वेळी लादी इतकी झिजली, की खालच्या मजल्यावरचा टीव्ही दिसायला लागला. आई हसत होती. सिनेमात येणार होती ना! आमच्या आचोळ्याच्या वस्तीत तिने बायकांना सांगितलं, रिक्षावाल्यांना सांगितलं, माणसं संपली तेव्हा कुत्र्यांना सांगितलं. लग्नातली साडी काढली.

आणि पडद्यावर पिठाचा गोळा. सोसायटीच्या मुलांचे चेहरे स्वच्छ. शेवटी त्यांची नावंही आली. टाळ्या अशा, की अर्नाळ्याच्या होड्या वादळ समजून परतल्या असतील.

मी शिबिराच्या सरांना गाठलं. ते मायेने म्हणाले, "अगं, त्यांच्या सन्मानासाठीच चेहरा झाकला."

"तिला विचारलंत?"

तेवढ्यात सोसायटीतल्या एक मॅडम आईला म्हणाल्या, "मावशी, आलाच आहात तर तेवढे कप उचला ना."

आई उठली. लग्नातल्या साडीत. सवयीने.

मी तिचा हात धरला. "आई, बस. ज्यांनी चहा प्यायला ते उचलतील."

त्या महिन्यात आईची तीन घरं सुटली. तेव्हापासून मी फोन हातात घेतला की ती तोंड फिरवते. इथे मला काही वाढवून सांगता येत नाही.

आज मी नालासोपाऱ्यात पोरांना फोनवर फिल्म करायला शिकवते. विषय तोच, हक्क. नियम माझा. ज्याचा चेहरा, त्याने आधी बघायचं. तो 'काढून टाक' म्हणाला की त्याच्यासमोर काढून टाकायचं. परवा स्पर्धेला निघालेली फिल्म एका मासळीवालीने काढून टाकायला लावली. पोरं रडली. मी ती फोनच्या ट्रॅशमधून परत आणू दिली नाही.

पोरं म्हणतात, "ताई, तुमच्या आईवर करूया ना एक."

दरवर्षी मी आईला विचारते. दरवर्षी ती नाही म्हणते. ती हो म्हणेपर्यंत तिच्यावर कॅमेरा मी धरणार नाही. कोणाला धरूही देणार नाही.